मिशी एकाची, ताव दुसऱ्याचा

"कोपऱ्यावरच्या बंगल्यातल्या जावयानं मिशी काढली," कुंपणाच्या भिंतीवर कोपरं टेकत शेजारच्या माईंनी जाहीर केलं. "काल रात्री दारात उभा राहिला आणि सासूच्या हातातलं ताट पडता पडता राहिलं. बिचारीला वाटलं, व्याही गेले."

"अरे देवा! गेले की काय?"

"कुठले जायला? ठणठणीत आहेत. कराडात रोज पहाटे प्रीतिसंगमावर फिरायला जातात. पण जावयाचं तोंड असं सोललेल्या बटाट्यासारखं बघितल्यावर बाईनं काय समजावं? पाणी नाही विचारलं, 'बसा' नाही म्हटलं, एकदम डोळ्याला पदर लावून, 'कधी झालं?' आणि हा शहाणा म्हणतो, 'कालच केलं, ऑफिसात सगळ्यांना आवडलं.'"

मला हसू आवरेना. माई मात्र हसल्या नाहीत. मेथीची जुडी भिंतीवरच्या ताटात ठेवून त्यांनी निकाल दिला, "बाप जिवंत असताना मिशीला वस्तरा लावायचा नाही. आमच्यात तरी नाही."

आमच्या साताऱ्याच्या या गल्लीत माईंचा शब्द शेवटचा. वय पंचाहत्तरीच्या पुढं, माहेर अपशिंगे मिलिटरीच्या जवळचं, सासर फौजेतलं. मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला, पण भिंतीपाशी उभी राहिले की परीक्षा त्या घेतात आणि उत्तरं मी देते.

"माई, या तुमच्या नियमापायी सिनेमा अडला होता म्हणतात."

"कुठला?"

"पहिलाच. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र', १९१३ चा. तारामतीचं काम करायला बाई मिळेना. सिनेमात जायचं म्हणजे अब्रू गेली, असा तो काळ. शेवटी हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. बाकीच्या बायकांची कामं पण पुरुषांनीच केली. आणि हे गडी लुगडं नेसायला तयार, पण मिशी उतरवायला नाहीत! का, तर वडील हयात आहेत. परेश मोकाशींच्या 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'त दाखवलंय की ते."

"बघ की. लुगड्यानं अब्रू जात नाही, मिशीनं जाते."

"पुढं १९१७ ला 'लंकादहन' काढला, त्यात राम पण साळुंकेच आणि सीता पण साळुंकेच."

"व्हय तर! एकदा मिशी गेली की गड्याला काय, राम होता येतं नि सीता पण होता येतं. मिशीवाल्याला फक्त रावण."

त्या हे सहज बोलल्या, पण मी घरात जाऊन भिंतीवरचं कॅलेंडर डोळ्यांसमोर आणलं. खरंच आहे. राम बिनमिशीचा, कृष्ण बिनमिशीचा, विठोबा तर अगदी गुळगुळीत. रवि वर्मांच्या छापखान्यातून घरोघर गेलेल्या तसबिरींतही देव कोवळे आणि राक्षस मिशाळ. पण आपल्या मातीतला खंडोबा बघा, ज्योतिबा बघा. टोकदार, वर वळलेली मिशी. पालीच्या खंडोबाच्या यात्रेत ज्याच्यावर भंडारा उधळतात तो देव हातात तलवार घेतो आणि घोड्यावर बसतो, त्याला मिशी नसून कसं चालेल? पूजा करून घेणाऱ्या देवाला मिशी नाही आणि राखण करणाऱ्या देवाला आहे, असं माझं आपलं एक मत झालं. माईंना सांगितलं तर म्हणाल्या, "म्हणजे देवांत पण वॉचमन वेगळे का?"

मिशी आडवी आली की माणूस कसा वाचतो याचं दुसरं उदाहरण त्यांनीच दिलं. "'अशी ही बनवाबनवी' लागला होता परवा. सचिन साडी नेसला, लक्ष्या नेसला. अशोक सराफला का नाही नेसवली? मिशी होती म्हणून! तो राहिला नवरा होऊन, खुर्चीत बसून हुकूम सोडायला." १९८८ चा हा सिनेमा मी कितीतरी वेळा पाहिला असेल, पण असा नाही पाहिला.

मग माईंनी घरातून सासऱ्यांची तसबीर आणली. भिंतीवर ठेवून पदरानं काच पुसली. सुभेदार होते ते, मराठा पलटणीत. मिशी अशी की दोन्ही टोकं फोटोच्या चौकटीला शिवायला निघालेली. "रोज सकाळी आरशापुढं मेण लावून पीळ देत. तेवढ्या वेळात घरात कुणी बोलायचं नाही. सासूबाई म्हणायच्या, माझ्या वेणीला इतका वेळ मिळाला असता तर गुडघ्याला टेकली असती. आणि म्हणायचे काय, ही मिशी साहेबाच्या रुबाबाची आहे."

"साहेबाची नव्हे माई, उलटं. साहेबानं ती आपल्याकडनं घेतली."

"काहीतरीच."

"खरंच. कंपनी सरकारचे सुरुवातीचे गोरे अधिकारी दाढीमिशी काढून गुळगुळीत. आपल्या शिपायांना तो प्रकार बायकी वाटायचा, आणि ज्याला मिशी नाही त्याचा हुकूम काय मानायचा, अशी कुजबुज. हळूहळू गोऱ्यांनी मिश्या राखायला घेतल्या. १८५४ मध्ये तर कंपनीच्या मुंबई फौजेतल्या गोऱ्या सैनिकांना मिशी सक्तीची केली. पुढं विलायतेतल्या सगळ्या फौजेलाच नियम लागला की हनुवटी आणि खालचा ओठ भादरायचा, वरचा ओठ नाही. मिशी काढली तर शिस्तभंग."

"म्हणजे मिशी न ठेवणं गुन्हा?"

"गुन्हाच. पहिल्या महायुद्धापर्यंत. खंदकांतली कोवळी पोरं, कुणाला मिसरूड फुटलेलं, कुणाला तेही नाही. शेवटी ऑक्टोबर १९१६ मध्ये जनरल मॅक्रेडी नावाच्या अधिकाऱ्यानं तो नियम काढून टाकला. त्याला स्वतःला मिशी अजिबात आवडायची नाही. सही केली आणि त्याच संध्याकाळी न्हाव्याकडं गेला म्हणतात."

माई जरा विचारात पडल्या. "म्हणजे मामंजी पीळ देत होते तोवर साहेबानं काढून पण टाकली होती?"

"बरीच आधी."

"बरं झालं त्यांना कुणी सांगितलं नाही," त्या म्हणाल्या आणि तसबीर उलटी ठेवली.

साहेबानं मिशी काढली आणि आपल्याकडचे कारकून, वकील, प्राध्यापक यांनीही काढली, असं अगदी सरळ सांगता येणार नाही. पण फोटो लावून बघा. टिळक, आगरकर, गोखले, सगळ्यांना भरघोस मिशी. एक पिढी पुढं या, सावरकर आणि आंबेडकर चेहरा साफ ठेवून कॅमेऱ्यासमोर बसलेले. मधल्या काळात किंग कॅम्प जिलेट नावाच्या अमेरिकन माणसानं पात्याचा वस्तरा बाजारात आणला होता, १९०३ मध्ये. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सरकारनं तो सैनिकांच्या हातात दिला, कारण विषारी वायूपासून बचाव करणारा मुखवटा दाढीवर नीट बसत नाही. युद्ध संपलं तेव्हा लाखो पुरुषांना आपली दाढी आपण करायची सवय लागली होती. आपल्याकडं ही सवय यायला वेळ लागला, पण आली ती सुशिक्षितपणाची खूण म्हणून. माझ्या वडिलांचा शेव्हिंगचा डबा म्हणजे घरातलं दुसरं देवघर होतं. पितळी वाटी, ब्रश, तुरटीचा खडा, सेव्हन ओ'क्लॉकचं ब्लेड वापरून झाल्यावर परत कागदात गुंडाळलेलं. आम्हाला हात लावायची बंदी.

त्याआधी दाढी ही गावात दारात येऊन कुणीतरी करायची गोष्ट होती. न्हावी धोकटी घेऊन यायचा, ओट्यावर बसवायचा, वस्तरा पट्ट्यावर दोनदा घासायचा आणि गालावर पाणी चोळता चोळता गावातल्या सगळ्या बातम्या ओतायचा. वर्षाच्या शेवटी बलुतं. माई म्हणतात, आताच्या पोरांना मोबाईलवर जे दिवसभर कळतं ते आमच्या आजोबांना एका दाढीत कळायचं.

"पण सगळ्यांच्या दारात जायचा का?" मी विचारलं. खरं तर मला उत्तर ठाऊक होतं.

"नाही. महारवाड्यात नाही जायचा."

"आपल्याच गावातली गोष्ट सांगते. बाबासाहेब लहानपणी इथं साताऱ्यात होते. ७ नोव्हेंबर १९०० ला शाळेत त्यांचं नाव घातलं, राजवाड्यातल्या शाळेत, आता प्रतापसिंह हायस्कूल म्हणतात ते. त्यांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' नावाचं आत्मकथन लिहून ठेवलंय. त्यात आहे, साताऱ्यात न्हाव्यांची काही कमी नव्हती, यांच्या घरी पैसे द्यायचीही ऐपत होती. पण एकही न्हावी हात लावायला तयार नाही. मग भावंडांचे केस मोठी बहीण कापायची. करून करून तिचा हात चांगला बसला होता."

"सुभेदाराची पोरं ना ती?"

"सुभेदार रामजी. तुमच्या मामंजींसारखेच फौजेतले."

माईंनी तसबीर परत सरळ केली. मग एक गोष्ट सांगितली, जी इतकी वर्षं भिंतीपाशी उभं राहून मी कधी ऐकली नव्हती. त्यांच्या माहेरच्या गावात एक म्हातारा पेन्शनर होता, दलित वस्तीतला, दुसऱ्या महायुद्धात इटलीपर्यंत जाऊन आलेला. मिशी झुपकेदार, वर वळवलेली. पण पाटलाच्या वाड्यावरून जायची वेळ आली की हातानं दोन्ही टोकं खाली ओढायचा. वाडा ओलांडला की परत वर. लहान पोरं मागनं चालत जाऊन ते बघायची आणि हसायची. "मी पण हसायचे," माई म्हणाल्या. "आम्हाला वाटायचं, म्हातारा गंमत करतोय."

ही फार जुनी गोष्ट झाली, असं म्हणायला मला आवडलं असतं. पण २०१७ मध्ये गुजरातेत, गांधीनगरजवळच्या लिंबोदरा गावात मिशी राखली म्हणून दलित तरुणांना मारहाण झाल्याच्या तक्रारी झाल्या. त्यावर तिथल्या पोरांनी काय केलं, तर शेकडोंनी आपापल्या व्हॉट्सअॅपवर स्वतःच्या फोटोऐवजी पिळदार मिशीचं चित्र लावलं, वर मुकुट, खाली 'मिस्टर दलित'. मोर्चा नाही, दगड नाही, नुसत्या मिश्या. चंद्रशेखर आझाद या भीम आर्मीवाल्या नेत्याची वळवलेली मिशी तर त्याच्या निळ्या उपरण्याइतकीच ओळखीची झालीय. वरच्या ओठावर चार केस वर वळलेले की खाली, एवढ्यावरून माणसं हाणामारीवर येतात, यात हसण्यासारखं काहीच नाही. तो हक्क ज्याला जन्मतः मिळाला त्याला 'फॅशन' म्हणता येतं, दुसऱ्याला तो मिळवावा लागतो.

इतक्यात माईंचा नातू अंगणात आला. हिंजवडीत नोकरीला, शनिवार-रविवारी इकडं. दाढी छातीवर यायची तेवढी बाकी.

"ये रे बाबा," माई म्हणाल्या. "सांग यांना, मुलीकडच्यांना कुठला फोटो पाठवला?"

"दोन्ही पाठवले आज्जी. आधी तू म्हणालीस म्हणून दाढी काढून काढलेला. मग तिनंच मेसेज केला, हा कधीचा फोटो, इन्स्टावर तर दाढी आहे. म्हणून दुसरा पाठवला."

"आणि?"

"आणि ती म्हणाली, दाढी ठेवणार असशील तर भेटू."

तो गाडी पुसायला गेला. माईंनी कपाळाला हात लावला. "आमच्या वेळी दाढी वाढवलेला पोरगा दारात आला तर मुलीचा बाप म्हणायचा, दारू पितोस की नापास झालास? नाहीतर बायको गेली का? आता मुलगीच म्हणते, ठेव."

दाढीचा अर्थ लावायचं आपलं जुनं शास्त्र मोठं बारीक होतं. श्रावण पाळणारा माणूस महिनाभर दाढी करायचा नाही, तेव्हा ऑगस्टात गल्लीतले अर्धे बाप्ये ऋषी. सुतक असलं की दाढी. नवस असला की दाढी. आणि घरात सून गरोदर असली की नवऱ्यानं केस-दाढी करायची नाही, हा धर्मशास्त्रातला नियम पाळणारी घरं अजून आहेत. माई सांगत होत्या, त्यांच्या नणंदेला दिवस गेल्याची बातमी घरच्यांनी लपवून ठेवली होती, चौथ्या-पाचव्या महिन्यापर्यंत कुणाला सांगायचं नाही म्हणून. पण तिच्या सासूनं मुलाला फार आधीपासून नियम लावला आणि बाजारपेठेतल्या प्रत्येक दुकानदारानं दाढी बघून त्याचं अभिनंदन केलं. आताची पोरं सगळीच दाढीवाली, त्यामुळं कुणाच्या घरी काय आहे ते कळायची सोय राहिली नाही, हे माईंचं खरं दुःख.

पूर्वी दाढीवाल्यांचे गट ठरलेले असत. साधू, कवी, कम्युनिस्ट आणि प्रेमभंग झालेले. महर्षी कर्वे, विनोबा, सेनापती बापट यांच्या दाढीनं धाक नाही, आदर वाटायचा. १९५५ मध्ये रशियाचे पंतप्रधान बुल्गानिन भारतात येऊन गेले, तर तिकडं केरळात त्यांच्यासारख्या टोकदार दाढीला अजूनही त्यांचंच नाव आहे. ठाण्यात आनंद दिघ्यांची दाढी आणि आता एकनाथ शिंद्यांची, तिथं नुसतं 'दाढी' म्हटलं की राजकारण सुरू होतं. हे आपण इथंच सोडू, कारण भिंतीच्या दोन्ही बाजूंना मतदार वेगवेगळे आहेत.

आणि दाढीची ही नवी लाट? त्यात शिवाजी महाराजांचा मोठा वाटा आहे. कपाळावर चंद्रकोर, गालावर कोरीव दाढी, गाडीवर भगवा. राजधानी साताऱ्यात तर सलूनमध्ये फोटो दाखवून तशीच दाढी मागतात. २०२५ मध्ये 'छावा' आला आणि विकी कौशलची वाढलेली दाढी-केस बघून ती लाट पुन्हा उसळली. माझ्यातली बाई इथं गप्प बसत नाही. सतराव्या शतकाच्या अखेरची महाराजांची जी चित्रं युरोपच्या संग्रहालयांत आहेत, ती बघा. दाढी आखूड, निमुळती, अगदी नीट राखलेली. घोड्यावरून मुलूख मारणाऱ्या माणसाला छातीभर दाढी परवडत नाही. पुढं पेशव्यांच्या चित्रांत दाढी गेली, मिशी राहिली. म्हणजे 'आपली परंपरा' कुठली म्हणायची, तर त्या त्या दरबाराची. पण हे मी सलूनमध्ये जाऊन सांगायला लागले तर माझंच मुंडण करतील.

"पण ही खरी वाढली ती लॉकडाऊनमध्ये," माई म्हणाल्या.

ते बरोबर आहे. २०२० च्या मार्चमध्ये सलून बंद झाली ती आपल्याकडं २८ जूनला उघडली. तीही कशी, तर केस कापायला परवानगी, दाढी करायला नाही. त्वचेला हात लावायचा नाही म्हणून. आमचा कोपऱ्यावरचा सलूनवाला दारात उभा राहून सगळ्यांना सांगत होता, मानेच्या वरचं करतो, पुढचं घरी करा. घरी कुणी केलं नाही. तोंडावर मास्क असल्यावर करायची कुणासाठी? मास्क उतरला तेव्हा आत वेगळेच चेहरे निघाले आणि निम्म्यांनी तेच ठेवले.

धंदेवाल्यांनी हे आधीच ओळखलं होतं. जिलेटची मालक असलेल्या अमेरिकन कंपनीला २०१९ मध्ये हिशेबात जिलेटची किंमत सुमारे ८ अब्ज डॉलरनं उतरवावी लागली, आणि त्याचं एक कारण हेच की पुरुष पूर्वीइतके गाल घासत नाहीत. आपल्याकडं आपल्या डोक्याला पिढ्यान्‌पिढ्या पॅराशूटचं खोबरेल पुरवणारी मुंबईची मॅरिको, तिनं अहमदाबादच्या 'बिअर्डो'मध्ये २०१७ ला हिस्सा घेतला आणि २०२० ला ती पुरी आपलीशी केली. दाढीचं तेल, दाढीचा साबण, दाढीचा कंगवा. माईंनी नातवाच्या बॅगेत ती बाटली बघितली आणि किंमत वाचली. "एवढ्याशा बाटलीच्या पैशांत माझ्या वर्षाच्या वेणीचं तेल येईल," म्हणाल्या. "आणि हा म्हणतो, दाढी ठेवली म्हणजे खर्च वाचतो."

हे सगळं बघताना मला एकच गंमत वाटते. चेहरा पुरुषाचा, केस पुरुषाचे, पण त्यांचं काय करायचं ते त्याला कधी ठरवता आलंय का? बाप आहे तोवर ठेव. बाप गेला, आता काढ. साहेब म्हणतो ठेव, साहेबाचा साहेब म्हणतो काढ. 'गोलमाल'मध्ये उत्पल दत्त मिशीशिवाय नोकरी द्यायला तयार नाही, म्हणून बिचारा अमोल पालेकर मिशीचा एक आणि बिनमिशीचा एक असे दोन भाऊ होऊन धावतोय. १९७९ चा विनोद, पण सरकारी नोकरीत अजून चालू आहे. आपल्या नौदलात परवानगी काढली तर दाढी ठेवता येते, पायदळात शिखांशिवाय इतरांना एरवी नाही. हवाई दलात धर्माचं कारण देऊन दाढी ठेवणाऱ्या एका मुसलमान जवानाला काढून टाकलं, तो सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि डिसेंबर २०१६ मध्ये हरला. उत्तर प्रदेशच्या पीएसीत झुबकेदार मिशी राखणाऱ्याला महिन्याला ५० रुपये मिशीभत्ता होता, तो २०१९ मध्ये २५० केला. आणि शेजारच्या मध्य प्रदेशात २०२२ च्या जानेवारीत भोपाळच्या एका पोलिसाला लांब मिशी कापायला नकार दिला म्हणून निलंबित केलं, गाजावाजा झाल्यावर परत घेतलं. एका राज्यात बक्षीस आणि राज्याची सीमा ओलांडली की शिक्षा.

"आणि तो विमानवाला?" माईंना अभिनंदन वर्धमान फार आवडतात.

"२०१९ ला त्यांच्या मिशीची लाटच आली होती."

"आमच्या ह्यांनी पण कोरायला घेतली होती. एक बाजू झाली आणि लाइट गेली. दोन दिवस मफलर बांधून बसले." माईंचे यजमान आबा आतून खाकरले. म्हणजे सगळं ऐकत होते.

मी म्हटलं, "माई, पुरुषाच्या केसांवर दुसऱ्याचा हुकूम, आणि बाईच्या केसांवर तर विचारूच नका. नवरा गेला की डोकं भादरायचं. तेच न्हावी, तोच वस्तरा. ते काम आम्ही करणार नाही, असं मुंबईतल्या न्हाव्यांनी १८९० मध्ये एकत्र येऊन ठरवलं. नारायण मेघाजी लोखंड्यांनी त्यांना उभं केलं होतं, महात्मा फुल्यांचे सहकारी."

"न्हाव्यांनी?"

"हो."

"मिशीला ताव देणाऱ्यांपैकी कुणी नाही?"

मला उत्तर सुचेना. माईंनी मेथीच्या काड्या गोळा केल्या, ताट उचललं, खाली ठेवलं आणि आवाज एकदम खाली आणला. आत आबांना ऐकू जाऊ नये म्हणून. "एक विचारू का? तुझ्या त्या पार्लरवाल्या पोरीकडं ओठावरचे काढतात ना, दोऱ्यानं?"

"अप्परलिप. काढतात की."

"किती घेते?"

"चाळीस."

"बघ. तीच जागा, तेच केस. ह्यांच्या असले की तूप लावायचं, पीळ द्यायचा, सरकार भत्ता देतं. आपल्या असले की चाळीस रुपये देऊन उपटून घ्यायचे." त्यांनी पदर हनुवटीपाशी धरला. "साठीनंतर हे इथं दोन यायला लागलेत. कडक, तारेसारखे. रोज सकाळी हे मिशी विंचरायला बसले की मी न्हाणीत जाऊन चिमट्यानं काढते. पन्नास वर्षांच्या संसारात ह्यांना एवढी एकच गोष्ट माहीत नाही."

"राहू द्या की मग. कोण बघतंय?"

"छे! नातवाचं ठरतंय, पाहुणे येतील. तू गुरुवारी जाणार असशील तर मला हाक मार. आणि त्या पोरीला आधीच सांगून ठेव, म्हातारी आहे, दोरा जरा हळू ओढ म्हणावं."